मोळीसाठी तांदूळ

सन एकोणीसशे शेहेचाळीसच्या पावसाळ्यात पोशीरची सुंदरा विलायतेला गेली आणि भातं कापणीला यायच्या आत परतही आली. गावातल्या निम्म्या बायकांनी तोवर नेरळच्या बाजारापलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं. त्यामुळे ती जाणार हे कुणाला खरं वाटलं नाही, आणि आल्यावर ती खरंच जाऊन आली यावरही काहींचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

ती जायचं कारण तसं साधंच होतं. कर्जतला घाटातल्या रेल्वेचं काम बघणारे एक पार्करसाहेब होते. गावकरी त्यांना ‘पारकर’ म्हणत, जणू ते खाली कोकणातून आलेले कुणी असावेत. त्यांच्या बंगल्यावर सुंदरा आया होती. नवरा तापानं लवकर गेला, मुलगी इंदू कुंभिवलीला दिली, आणि मग भाऊ हिरामणच्या घरात नुसतं बसून राहण्यापेक्षा बरं, म्हणून तिनं हे काम धरलं. साहेबांची मुलगी मॉली त्याच बंगल्यात जन्मली. सुंदरानं तिला न्हाऊमाखू घातलं, चालायला शिकवलं, आणि नावही आपल्या जिभेला वळेल तसं करून घेतलं. मॉलीची ‘मोळी’ झाली. मोळी चार वर्षांची झाली तेव्हा तिला इंग्रजी कळायचं, पण भांडायला, रुसायला आणि मागायला ती पोशीरचीच भाषा वापरायची.

मडमला पुन्हा दिवस गेले. विलायतेला बाळंतपणाला जायचं ठरलं, साहेबांना रजा मिळेना, आणि अवघडलेली बाई लहान मुलीला घेऊन तीन आठवडे जहाजात एकटी राहणार कशी? म्हणून सुंदरा सोबत निघाली. तिनं परत कसं यायचं तेही साहेबांनी ठरवलं होतं. एक पारशी कुटुंब ऑगस्टअखेर तिथून मुंबईला निघणार होतं; त्यांच्या तान्ह्या मुलाला सांभाळत तिनं यायचं.

निघताना हिरामण एवढंच म्हणाला, “येशील ना गं परत?”

“येते की. कापणीला आलेच म्हनून समज.”

लंडनमध्ये साहेबांच्या आईचं घर नदीच्या दक्षिणेला, एका लांबलचक चाळीसारख्या ओळीतलं होतं. म्हातारी मडम साठीची, काटकुळी, ताठ पाठीची बाई. विधवा, सुंदरासारखीच. घरात मोलकरीण नव्हती. सगळं ती स्वतः करी. सुंदरा आली त्या दिवसापासून धुणं, भांडी आणि पायऱ्या घासणं तिच्याकडे आलं. बारा दिवस झाले, तरी तिनं त्या रस्त्याच्या कोपऱ्यापलीकडचं लंडन पाहिलं नव्हतं.

दोघींचं फारसं जमतही नव्हतं, आणि त्याचं कारण मोळी होती.

मोळी जेवतच नव्हती. तिला जन्मापासून सवय मऊ भाताची, वर तुपाचा थेंब आणि मीठ. इथं लढाई संपून वर्ष झालं तरी पावसुद्धा मोजून मिळायचा, आणि तांदूळ तर दुकानात यायचाच नाही. कुस्करलेला बटाटा, खळीसारखी ओटाची पेज, करडा पाव, काहीही पुढे ठेवलं की मोळी तोंड मिटून घ्यायची. सुंदरा मांडीवर घेऊन हातानं भरवायला बसली की म्हातारी मडमचा आवाज बदलायचा. शब्द कळत नव्हते, पण आवाज कळायला शब्द लागत नाहीत. या आयेनं पोरीला बिघडवलं, असं ती म्हणत होती. बारा दिवसांत मोळीच्या दंडावरची कातडी सैल पडली होती. वरच्या खोलीत मडम पलंगावर पडून होती. तिला डॉक्टरांनी उठायची बंदी केली होती, आणि मुलीला बघून ती नुसती रडायची.

सुंदराच्या निघण्याला दोन दिवस उरले. त्या संध्याकाळी म्हातारी मडम स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, सुंदराकडे बोट दाखवून, मग खिडकीकडे दाखवून बरंच काही बोलली. सुंदरानं हात पुसले आणि मोळीकडे पाहिलं.

“आजी म्हनते, उद्या तुला लंडन दाखवायचं हाय,” मोळी म्हणाली.

“मला? कशाला गं?”

मोळीनं विचारलं. म्हातारी पुन्हा लांबलचक बोलली, बोलताना थोडी लाल झाली. मोळीनं त्यातलं आपल्याला पेललं तेवढं सांगितलं, “तू नुसती धुनी धुतलीस म्हनते. असं नाय चांगलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघी निघाल्या. सुंदरानं पेटीतलं हिरवं लुगडं नेसलं, वर मडमचा जुना लोकरी कोट चढवला, पायात मोजे आणि त्यावर चपला. ऑगस्ट महिना असून अंगावर काटा येईल असा वारा होता. म्हातारीनं करड्या टोपीला लांब टाचणी खोचली, हातमोजे घातले, छत्री घेतली. मोळी दोघींच्या मध्ये.

दोन मजली मोटार आली. म्हातारी त्यांना वरच्या मजल्यावर घेऊन गेली आणि अगदी पुढच्या बाकावर बसली. सुंदरा सवयीनं मागच्या बाकाकडे वळली, तर म्हातारीनं छत्रीनं आपल्या शेजारच्या जागेवर टकटक केलं. सुंदरा अवघडून टेकली. तिकीट द्यायला एक बाई आली. गोरी, खाकी डगला घातलेली, गळ्यात चामडी पिशवी. सुंदरा तिच्याकडे बघतच राहिली. कर्जतला गोरी बाई म्हणजे खुर्चीत बसलेली किंवा घोड्यावर बसलेली. उभी राहून, लोकांचे धक्के खात तिकिटं देणारी गोरी बाई तिनं पहिल्यांदाच पाहिली. वळणावर मोटार माथेरानच्या छोट्या गाडीसारखी कलली, तशी त्या बाईनं हसून सुंदराच्या खांद्याला धरून आधार दिला आणि पुढे गेली.

“राजाचा वाडा बगायचा पयला,” मोळीनं जाहीर केलं.

वाडा मोठा होता, यात शंका नाही. काळ्या लोखंडी गजांच्या पलीकडे मोकळं अंगण, त्यापलीकडे दगडी भिंत आणि खिडक्याच खिडक्या. सुंदरानं खिडक्या मोजायला घेतल्या, तीस-चाळीसपर्यंत गेली आणि सोडून दिलं. एवढ्या काचा पुसायला किती माणसं लागत असतील, हा विचार तिच्या मनात आला. काही काचा पुसलेल्याही नव्हत्या, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

“राजा दिसंल का गं?”

मोळीनं आजीला विचारलं. आजीनं वरच्या मोकळ्या काठीकडे बोट दाखवलं. “निशान नाय लावलं म्हंजे राजा घरात नाय. सुट्टीवर गेला.”

“राजाला कसली गं सुट्टी? तो काय रेल्वेत हाय?”

मोळीनं हे जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं असावं. कारण म्हातारी एकदम हसली. बारा दिवसांत सुंदरानं तिला हसताना पाहिलं नव्हतं. पुढचे दोन दात थोडे एकमेकांवर चढलेले होते, म्हणून बहुधा ती तोंड मिटून राहत असावी.

तिथून बागेतून चालत, मग पुन्हा मोटारीनं त्या शहराच्या जुन्या भागात आल्या. तिथं मोठ्या घुमटाचं एक देऊळ उभं होतं, आणि त्याच्याभोवती काहीच नव्हतं. म्हणजे असायचं ते सगळं होतं, पण जमिनीच्या खाली. तळघरं उघडी पडलेली, भिंतींचे दात राहिलेले, जिने वर जाऊन हवेत संपलेले. आणि त्या सगळ्या ढिगाऱ्यावर गुलाबी फुलं माजलेली, पुरुषभर उंच.

म्हातारी एका पडक्या जागेपाशी थांबली. तिथंही तीच फुलं. ती हळू आवाजात मोळीशी बोलली.

“हितं आजोबा काम करायचे,” मोळी म्हणाली. “पुस्तकं छापायचे. मग बाँब पडला. मग आजोबा घरीच बसले. मग मेले.”

तिनं हे वाट सांगावी तसं सांगितलं आणि एक खडा उचलून खाली तळघरात टाकला. सुंदरा आपल्या भाषेत चार शब्द बोलली असती, पण ते पोरीच्या तोंडून जाणार. ती फक्त म्हातारीच्या जवळ जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं तिनं फुलांकडे हात केला.

“आजीला सांग, आमच्याकडं बी आत्ता बांधाबांधावर असाच तेरडा फुललाय. असाच रंग.”

मोळीनं सांगितलं. म्हातारीनं मान हलवली, आणि मग सुंदराच्या हाताला धरून रस्ता ओलांडला. रस्ता ओलांडून झाल्यावरही हात लगेच सोडला नाही.

दुपारी ती त्यांना एका चहाच्या दुकानात घेऊन गेली. काचेचे दरवाजे, संगमरवरी टेबलं, काळा झगा आणि पांढरा फडका बांधलेल्या पोरी हातात ताटल्या घेऊन पळत होत्या. सुंदरा दारापाशी अडली. साहेबाच्या घरात सात वर्षं काढली, पण ती कधी टेबलाशी बसली नव्हती. तिचं जेवण मागच्या पडवीत, पाटावर. आता म्हातारीनं स्वतः खुर्ची ओढून दिली. सुंदरा खुर्चीच्या कडेवर बसली, पदर सावरला आणि हात मांडीत घट्ट धरून ठेवले. शेजारच्या टेबलावरच्या दोघी तिच्या लुगड्याकडे बघत होत्या. म्हातारीनं त्यांच्याकडे अशी नजर टाकली, की त्या पुन्हा आपल्या चहात बघायला लागल्या.

खायला काय मागवायचं? समोरच्या माणसाच्या ताटलीत तांबूस मांसाचा तुकडा होता.

“मोळी, आजीला म्हनावं, मला गायीचं नको हां.”

मोळीला त्या गडबडीत ‘गाय’चा इंग्रजी शब्द आठवेना. ती नुसतीच “मूऽऽ” करून हंबरली. म्हातारी बुचकळ्यात पडली. सुंदरानं भीत भीत दोन बोटं कपाळाला लावली. म्हातारीच्या डोळ्यात प्रकाश पडला. खात्री करून घ्यायला तिनंही आपल्या टोपीच्या दोन बाजूंना दोन बोटं लावली आणि भुवया उंचावल्या. तेवढ्यात ताटल्यावाली पोरगी येऊन उभी राहिली. भरल्या दुकानात शिंगं लावून बसलेल्या दोन पोक्त बायका बघून तिला हसू आवरेना.

शेवटी भाजलेल्या पावाचा तुकडा आणि त्यावर ओतलेले तांबडे दाणे आले. सुंदरानं एक दाणा जिभेवर ठेवला.

“अगं, हे तं वाल! गूळ घातलाय, आन फोडनी विसरले.”

पण भूक लागली होती. तिनं काट्याची खटपट सोडून पावाच्या तुकड्यानं टिपून टिपून सगळं संपवलं. गोरी पोरगी ताटली न्यायला आली, तेव्हा सुंदरा सवयीनं ती स्वतः उचलायला उठली. पोरीनं तिला खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. आपली उष्टी ताटली दुसऱ्या कुणी उचलून नेताना पाहणं तिला इतकं चमत्कारिक वाटलं, की तिनं मान फिरवली.

मोळीनं मात्र काही खाल्लं नाही. दोन दाणे तोंडात घेतले आणि थुंकले. मग तिनं टेबलावर डोकं टेकलं. म्हातारीनं आधी दटावलं, मग चुचकारलं, मग चमचा खाली ठेवला. ती सुंदराकडे वळून बोलायला लागली, आणि या वेळी आवाजात राग नव्हता.

मोळी डोकं न उचलता म्हणाली, “आजी म्हनते, उद्या तू गेलीस की मी काय खानार?”

हाच प्रश्न सुंदरा बारा दिवस स्वतःला विचारत होती. पण तो ह्या बाईलाही पडला असेल, असं तिच्या मनात आलं नव्हतं.

“इचार तिला, एवढं मोठं शहर, हितं तांदूळ कुटंच मिळत नाय?”

“नाय म्हनते. लढाईपासनं नाय. समदीकडं इचारलं म्हनते.”

म्हणजे म्हातारी विचारत फिरली होती. सुंदराला हे आता कळलं.

चहा पिऊन त्या नदीकाठी आल्या. मोळीला मधोमध उघडणारा पूल दाखवायचा होता. ओहोटी लागली होती. नदीचं पाणी मागे सरून काठाचा चिखल उघडा पडला होता, पनवेलच्या खाडीला पडतो तसाच, वासही तोच. पलीकडे जहाजांच्या डोलकाठ्या आणि उंच क्रेनी. पुलाचे दोन पंख वर उठले, मधून एक बोट गेली, पंख खाली आले. मोळीनं ते सुंदराच्या कडेवर बसून पाहिलं, पण टाळी वाजवली नाही. पोर अंगाला हलकी लागत होती.

आणि तिथंच सुंदराच्या कानावर ते शब्द पडले. दोन माणसं कठड्याशी टेकून विड्या ओढत होती. सावळी, डोक्यावर लोकरी टोप्या, अंगात ढगळ कोट. बोलत होती ती काही वेगळीच भाषा, पण मधूनच एक जण ‘चावल’ म्हणाला. तो शब्द तिनं स्पष्ट ऐकला.

कर्जतला असती तर परक्या पुरुषांना तिनं हाक मारली नसती. इथं तिनं पोरीला कडेवर सावरलं आणि सरळ चालत गेली.

“ओ भाई! चावल इधर किधर मिलता है?”

ते दोघं दचकले. लंडनच्या पुलापाशी नऊवारी नेसलेली बाई, कडेवर सोनेरी केसांची पोर! मग त्यातला थोराड माणूस हसला. जहाजावरचे खलाशी होते ते, बंगालकडच्या सिल्हेटचे. हिंदी मोडकी होती, पण सुंदराची तरी कुठे धड होती?

“चाची, चावल दुकान में नहीं. इलियास मियाँ के होटल में खाना मिलेगा. उधर, दो गल्ली छोड़के.”

सुंदरानं मागे वळून म्हातारीला हातानं ‘चला’ केलं आणि चालू लागली. दोन गल्ल्या म्हणता म्हणता चार झाल्या. घरं काळी, रस्त्यावर वाळत घातलेले कपडे, गोदामांचे बंद दरवाजे. म्हातारीची पावलं मंदावली. तिनं मोळीला काही सांगितलं.

“आजी हिकडं कदी आली नाय म्हनते.”

“मी तरी कुटं आले व्हते?” सुंदरा म्हणाली. तिनं मोळीला खाली उतरवलं आणि म्हातारीच्या कोपराला धरलं. “चला, मी हाय ना.”

हॉटेल म्हणजे एक खोली. पाच टेबलं, त्यावर मेणकापड, भिंतीवर जहाजाचं चित्र असलेलं कॅलेंडर. पण दार उघडलं आणि आतून वाफ अंगावर आली, शिजलेल्या भाताची. बोटीवरून उतरल्यापासून तो वास नाकाला लागला नव्हता. सुंदरा उंबऱ्यातच थबकली. तिच्या मागून मोळीनं मान पुढे काढली आणि मोठ्यानं ओरडली,

“सुंदरा, भात!”

मालक इलियास मियाँ आतून आला. पोटाला फडका गुंडाळलेला, पांढरी दाढी. ही गिऱ्हाईकं बघून त्यानं आधी म्हातारीला सलाम केला, मग सुंदराला विचारलं, “बहन, कहाँ से?”

“बंबई के बाजू में. कर्जत.”

“कर्जत!” त्याचे डोळे चमकले. “मालूम है. उधर रेल को पीछे से इंजन लगाते हैं, घाट चढ़ने को.”

सुंदराला एकदम भरून आलं. हिरामणचं शेत, बंगला, स्टेशनात मागून इंजिन जोडताना बसणारा तो दणका, हे सगळं जणू ह्या परक्या म्हाताऱ्याला ठाऊक होतं. तिनं पदरानं नाक पुसलं आणि कामाचं बोलली. पोर बारा दिवस जेवलेली नाही. मऊ भात पाहिजे, मीठ घालून, असला तर तुपाचा थेंब. आणि मग गायीचं नाव न घेता, आवाज खाली आणून विचारलं, “भाईसाब, बर्तन में बड़े का तो नहीं ना?”

“मच्छी का बर्तन अलग है, बहन. चावल का भी अलग. आप खुद देख लो. बच्ची का आप ही पका लो.”

तो तिला आत घेऊन गेला. सुंदरानं भांडी डोळ्यांनी पाहिली, विसळलेलं एक पातेलं पुन्हा आपल्या हातानं विसळलं, आणि मगच त्यात भात काढला. पाणी घालून बारीक आचेवर ठेवला आणि डावेच्या पाठीनं घोटत राहिली. मुसलमानाच्या चुलीवर आपण शिजवतोय आणि खाणारही आहोत, हे तिच्या ध्यानात आलं नाही असं नाही. घरी भावजयीला, कोंडीला, हे सांगायचं की नाही ते नंतर बघू, असं तिनं मनाशी म्हटलं.

मोळीला तिनं मांडीवर घेतलं नाही. खुर्चीवर बसवलं आणि पहिला घास केला. मोळीनं तोंड उघडलं. दुसरा घास. तिसरा. म्हातारी समोर बसून बघत होती. कितव्या तरी घासाला तिनं हातमोजे काढले, टेबलावर नीट एकावर एक ठेवले, आणि सुंदराच्या हाताकडे बोट करून मग स्वतःकडे केलं.

सुंदराच्या मनात क्षणभर नको असं आलं. हे एवढं तरी माझं राहू दे. मग तिनं ताटली पुढे सरकवली.

म्हातारीनं पाच बोटांनी भात उचलला. निम्मा टेबलावर सांडला. सुंदरानं तिचा हात हातात घेतला, बोटं जुळवून दाखवली, अंगठ्यानं घास कसा पुढे ढकलायचा ते दाखवलं. ते हात सुंदराच्या हातांइतकेच खरखरीत होते, सोड्यानं भेगाळलेले. दुसरा घास नीट गेला. मोळी खाता खाता म्हणाली, “आजी, मोठा घास नको गं.” आणि मग तेच इंग्रजीत.

पोरगी जेवून मेणकापडावरच झोपली. मग इलियास मियाँनं दोघींपुढे भात आणि माशाचं कालवण ठेवलं. म्हातारीनं चमचा घेतला, सुंदरानं हात धुतले. मासा गोड्या पाण्यातला नव्हता, मसाला अनोळखी होता, पण तिखट मात्र ओळखीचं होतं. पहिल्या घासाला म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्याला नाक वाहायला लागलं. सुंदरानं पाण्याचा पेला पुढे केला. म्हातारी प्याली, रुमालानं तोंड पुसलं आणि पुन्हा चमचा भरला. असं करत तिनं ताटली रिकामी केली. दोघी एका टेबलाशी समोरासमोर बसून जेवत होत्या, मध्ये भाषांतराला कुणी जागं नव्हतं, आणि कुणाला त्याची अडचणही झाली नाही.

निघताना इलियास मियाँनं एक कापडी पिशवी आणून सुंदराच्या हातात दिली. शेरभर तांदूळ. जहाजं येतात तेव्हा खलाशी आपल्या शिध्यातला थोडा त्याच्याकडे देतात, दर खेपेला शेरभर बाजूला ठेवीन, मेमसाहेबांनी येऊन न्यावा, असं तो म्हणाला. हे म्हातारीला सांगायला मोळीला उठवावं लागलं. झोपेतच तिनं सांगितलं. म्हातारी उठली आणि तिनं त्या माणसाशी दोन्ही हातांनी हात मिळवला. तो एवढा गोंधळला, की आपला फडका सोडून पुन्हा बांधायला लागला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात सुंदरानं म्हातारीला भात धुण्यापासून सगळं दाखवलं. तिनं एका कागदावर घड्याळ बघून काहीबाही लिहून घेतलं. सुंदरा घड्याळ बघत नव्हती, बोटाच्या पेरानं पाणी मोजत होती. तर म्हातारीनं पट्टी आणून तिचं पेरच मोजलं.

सकाळी दाराशी गाडी आली, तेव्हा मोळी खुर्चीवर बसून आजीच्या हातून जेवत होती. ती मोठ्यानं रडेल, लुगडं धरेल, अशी सुंदरानं मनाची तयारी केली होती. मोळीनं भरल्या तोंडानं “जा नि लवकर ये” म्हटलं, बाजाराला जाणाऱ्या माणसाला म्हणतात तसं. सुंदरानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि बाहेर पडली. गाडीत बसल्यावर मात्र ती रडली. पारशीण बाईंनी आपलं तान्हं मूल तिच्या मांडीवर दिलं, तेव्हा कुठे तिनं डोळे पुसले.

ती पोशीरला आली, तेव्हा लवकर पिकणारी हळवी भातं पिवळी पडायला लागली होती. आठ दिवस घरात बायकांचा राबता होता. राजा पाहिला का? राजा सुट्टीवर होता. खाल्लं काय? गोड वाल. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. माशाच्या कालवणाचं तिनं एकट्या कोंडीला सांगितलं, तेही शेतात, कुणी नसताना. कोंडी म्हणाली, “पोर जेवली ना? मग झालं.”

दिवाळीनंतर साहेबांचा शिपाई बोलवायला आला. सुंदरा कर्जतला बंगल्यावर गेली. साहेब व्हरांड्यात पत्र घेऊन बसले होते. मडमला मुलगा झाला होता, दोघं खुशाल होती. मोळी जेवते. आई दर पंधरा दिवसांनी त्या हॉटेलात जाते, आणि तिथंच जेवून येते, असं सांगताना साहेबांना स्वतःच्या आईचं नवल वाटत होतं.

“मोळी आता मराठी विसरायला लागली आहे,” ते म्हणाले.

“इसरंल, सायेब. ल्हान हाय.”

साहेबांनी पत्र उलटलं. “आई तुला विचारते. भात खाली लागतो, करपतो. काय करायचं?”

“ढवळते का सारका?”

साहेबांनी पत्रात पाहिलं. “हो. लिहिलंय, सारखी ढवळते.”

“मग त्येच चुकतंय. शिजताना ढवळायचा नाय. झाकन घालायचं, आच बारीक करायची. घोटायचा तो मागनं, डावेच्या पाठीनं.”

साहेबांनी टेबलावरचा कागद ओढला, लेखणी घेतली आणि लिहायला लागले. सुंदरा व्हरांड्याच्या पायरीवर उभी राहून एकेक सांगत होती, आणि त्यांचं लिहून होईपर्यंत थांबत होती. डाव म्हणजे काय ते तिला हातानं दाखवावं लागलं.

“आणखी काही?”

तिनं जरा विचार केला.

“लिवा, तांदूळ जुना असंल तं पानी वाईच जास्ती लागतंय. जहाजातला तांदूळ, म्हंजे जुनाच असनार.”

साहेबांनी तेही लिहिलं.